दोरी संपली म्हणून राहिलेली सीडी

त्या रविवारी माझी पत्नी संगणकापुढे बसून टाइप करत होती. फोन टेबलावर होता आणि फोनवर अकोल्याहून तिची आई बोलत होती. पत्नीने मला हाक मारली आणि ती खुर्चीतून खाली कोसळली. दवाखान्यात पोचण्याआधी ती गेली. घरात संगणक सुरू राहिला. दुपारी वीज गेली, तो बंद पडला. त्यानंतर तो सुरू झाला नाही.

ती काय टाइप करत होती, ते सांगायला हवे. अमरावतीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, तिने वीस वर्षे टायपिंगचे काम केले. लग्नपत्रिका, प्रबंध, प्रेसला जाणाऱ्या स्मरणिका. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. संध्याकाळी तिची प्रुफे तपासायचो. पुढे मी निवृत्त झालो, तिच्याकडची कामेही कमी झाली, तेव्हा तिने स्वतःचे एक काम काढले. दर रविवारी आई फोनवर आपली गोष्ट सांगायच्या आणि ही ती जशीच्या तशी उतरवून घ्यायची. आई हिवरखेडकडच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात राबलेल्या, शाळेत कधी न बसलेल्या. पुस्तक व्हावे हा हट्ट त्यांचाच होता. "दुनियाभरच्या पत्रिका छापतं, मायचं पुस्तक कवा छापशीन?" हा टोमणा प्रत्येक फोनच्या शेवटी ठरलेला.

पहिल्या स्मृतिदिनाला जेवणावळ न घालता एखादे पुस्तक वाटायचे, अशी आमच्या नात्यात पद्धत आहे. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच, सगळे श्रद्धांजलीला जमलेले असताना, कुणीतरी विचारले, कोणते पुस्तक वाटणार? मी आईंकडे पाहिले. म्हणालो, "आई, थोडे थोडे पुन्हा सांगाल का? मी लिहून घेतो."

"नाई सांगत," त्या म्हणाल्या. "मी सांगून राहिली होती आन् माही पोरगी गेली. आता तोंडातून निंगत नाई. जे सांगतलं ते तिच्यापाशी हाय. तुमाले पाह्यजे तं काढा तिच्या डब्ब्यातून."

डबा म्हणजे संगणक. आठ महिने मी त्याला हात लावला नाही. फक्त वरची धूळ पुसायचो. मग एका सकाळी बटण दाबले. पंखा फिरला, काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढरी ओळ आली: सुरू करण्याजोगे काही सापडले नाही. मी चार वेळा बंद करून चालू केला. ओळ तीच.

आमच्या गल्लीतला दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो काका, नव्यासारखा होऊन जाईन."

"आणि आतले?"

"आतलं तं जाईनच ना."

मी त्याच्याकडून फक्त हार्ड डिस्क खोलून घेतली. ती टॉवेलात गुंडाळली, टॉवेल जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवला आणि अकोल्याची बस पकडली. मेहुण्याने तिथल्या एका दुकानाचा पत्ता दिला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत पिशवी मांडीवरच होती. शेजारच्या बाईंनी दोनदा सांगितले, भाऊ, खाली ठेवा ना. मी ठेवली नाही.

दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने डिस्क कानाशी नेऊन हलक्या हाताने हलवली.

"कितीक दा चालू करून पाह्यला सर?"

"चारदा."

"बरं झालं पाचव्यांदा नाई केला. आता पयले कॉपी, मंग शायनपना."

त्याने डिस्क एका केबलने स्वतःच्या संगणकाला जोडली. डिस्कचा पहिला भाग उघडलाच नाही. सगळे प्रोग्रॅम त्यात होते, ते गेले. दुसरा भाग उघडला, पण एकेक फाइल अशी येत होती की सुईत दोरा ओवावा. दुपार गेली. चार वाजता त्याने यादी दाखवली. मी म्हणालो, तारखेप्रमाणे लावा. सगळ्यांत खाली त्या रविवारची एक फाइल होती. तिचे नाव होते 'आई'.

त्याने ती उघडली. पडदाभर इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, डॉलरची चिन्हे. एक शब्द वाचता येईना.

"गेली सर," तो हळू आवाजात म्हणाला. "फाइल सडली. कचरा हाय हा."

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. वीस वर्षे मी प्रुफे तपासली होती. कचराही मी ओळीओळीने वाचतो. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला तीनचार अक्षरांचा एकच तुकडा होता. पुढच्या पानावर तोच. त्याच्या पुढच्याही. सडलेल्या गोष्टीला अशी शिस्त नसते. आणि आमच्या ओळखीत एकच माणूस असे आहे, जे प्रत्येक वाक्य एकाच शब्दाने सुरू करते.

"हे 'मंग' आहे," मी म्हणालो. "आमच्या सासूबाई बोलताहेत."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला. मी समजावले. पत्नी शेवटपर्यंत जुन्याच मराठी फॉन्टमध्ये टाइप करायची; बोटांना तीच सवय होती. तो फॉन्ट ज्या संगणकात नाही, तिथे मजकूर असाच दिसतो. फाइल धड होती, फॉन्ट तेवढा नव्हता. त्याने स्वतःकडचे सातआठ जुने फॉन्ट लावून पाहिले. काहींत अर्धी अक्षरे जुळली, काना कुठे, मात्रा कुठे. तिचा फॉन्ट मेलेल्या भागात राहिला होता.

तेव्हा मला तिच्या सीडी आठवल्या. प्रेसवाल्यांकडे तो फॉन्ट नसायचा, म्हणून प्रत्येक कामासोबत ती फॉन्टही द्यायची आणि सीडीवर स्केचपेनने लिहायची: मजकूर + फॉन्ट. परत आलेल्या सीडींची चळत घरात होती. होती, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत. मग आईंनी सगळ्या मागून नेल्या.

आईंच्या अंगणात पेरूचे झाड आहे. मी फाटक उघडले तेव्हा झाडभर सीडी फिरत होत्या, पोपटांना भिवविण्यासाठी टांगलेल्या. मी खुर्चीवर चढून त्या काढायला लागलो.

"जवाईबापू, झाड काहून नागवं करून राहिले? पोपट काय तुमचे पाहुणे हायेत?"

"आई, पुस्तक आहे यात."

"लटकवून लटकवून त्याच्यात काय राह्यलं असन?"

खरेच काही राहिले नव्हते. अकोल्याच्या दोन उन्हाळ्यांनी त्यांची कातडी सोलली होती. मी खुर्चीवरच बसलो. आई आत गेल्या आणि कोनाड्यातून, तंबाखूच्या डबीखालून, एक कागदी पाकीट घेऊन आल्या.

"हे एक उरलं होतं. दोरी सरली म्हून टांगलं नाई."

पाकिटावर पत्नीचे अक्षर होते. मजकूर + फॉन्ट.

दुकानदार दुकान बंद करत होता. आम्हांला पाहून त्याने अर्धे शटर पुन्हा वर केले. आई सोबत आल्या होत्या, काही केल्या घरी थांबेनात. त्याने सीडी घातली, फॉन्ट उतरवून घेतला, सगळा मजकूर निवडला आणि एक बटण दाबले. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि एकदम मराठी झाला. पान खाली, त्याखाली पान, एकशे चार पाने. तो स्वतःच मोठ्याने वाचायला लागला, "मंग आमी वावरात गेलो..." आणि टेबलावर थाप मारून म्हणाला, "सर, जिंकलो ना राव!" मला हसू आले. आठ महिन्यांनी आले म्हणून ते लक्षात राहिले.

"पार खाली जा," आई म्हणाल्या.

वीज कधीही जाते म्हणून पत्नी प्रत्येक ओळीनंतर फाइल सेव्ह करायची. त्यामुळे शेवटची ओळही होती, जिथे थांबली तिथपर्यंत. दुकानदाराने वाचले: "मंग मी पोरीचा हात धरला, शाळेत गेली आन् म्हणलं, मास्तर, हे माही पोरगी..."

पुढे काही नव्हते. तो थांबला. आई पडद्याकडे पाहत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण वाक्य कुठे तुटले ते त्यांना ठाऊक होते.

"इले मांगं नोका बसवू," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, "लिवा ना. पाहून काय राहिले?"

मी लिहिले.

स्मृतिदिनाला पुस्तक वाटले. त्या दिवशी आईंनी पहिली प्रत स्वतःच्या हाताने त्या मास्तरांच्या नातवाला दिली आणि त्याला पहिल्या रांगेत बसवले.

आता जुना संगणक घरात नाही. हार्ड डिस्क आणि ती सीडी एका पाकिटात आहेत, पाकीट माझ्या कपाटात आहे. दर रविवारी अकोल्याहून फोन येतो. आई पुढची गोष्ट सांगतात, मी दोन बोटांनी टाइप करतो आणि प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करतो.