आत्याच्या मनगटावरची पलीकडची वेळ

माझी आत्या वीज निर्यात करायची. हे ऐकून लोकांना ती बडी व्यापारी वाटे. प्रत्यक्षात ती कंट्रोल रूममध्ये स्वेटर घालून फोनवर बोलत बसायची. डोंगरापलीकडच्या देशात घड्याळ तासभर पुढे. तिथे दिवे लागतात तेव्हा आमच्याकडे ऊन असतं, म्हणून आमची वीज तिकडे जाते. तिकडची दुकानं मिटली की त्यांची इकडे येते. "लांब राजधानीला पाठवली तर वाटेतच केवढी गळते! त्यापेक्षा शेजारी बरा," आत्या म्हणायची, जणू वाटीभर साखरच देतेय.

तिकडे फोनवर कायम एकच बाई. आत्या तिला 'पलीकडची' म्हणे. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलं नव्हतं. एकीने किती वीज सोडायची तो आकडा सांगायचा, दुसरीने तो जसाच्या तसा परत म्हणायचा, मगच बटण दाबायचं, हा कामाचा नियम.

आत्याची नोकरी संपता संपता दोघींनी भेटायचं ठरवलं, सीमेवरच्या नाक्याजवळ, आमच्या बाजूच्या चहाच्या दुकानात.

"रविवारी चार."

"रविवारी चार."

त्या रविवारी आत्याने अशी घाई केली की मी केस न विंचरताच तिच्यामागे धावले. दुकानात ती दाराकडे डोळे लावून बसली. एक चहा झाला, दुसरा झाला. तिचा चेहरा पार उतरला.

"आता फोनवरही भेटायची नाही गं. कालच शेवटची ड्यूटी झाली. चल, निघू."

उठताना भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष गेलं. ठरलेल्या, इकडच्या चारला थोडा अवकाश होता! आत्याच्या मनगटावर मात्र पाच वाजत आले होते.

"आत्या, हे कुठलं घड्याळ?"

"पलीकडच्या वेळेचं. पहिल्यापासून तसंच लावते. तिच्याकडे किती वाजले ते नको कळायला?" आणि तिने जीभ चावली. रोज न चुकता तास वजा करणारी बाई, आज आनंदाच्या भरात विसरली होती. मी पोट धरून हसले.

आत्या टेबलावर हात आपटून ओरडली, "दोन चहा, साखर कमी!"

"दोन चहा, साखर कमी," दारातून घोगरा आवाज आला.

आत्या ताडकन उठली. दोघी गळ्यात पडून एकाच वेळी बोलू लागल्या, कुणी कुणाचं ऐकेना. आत्याच्या पाठीवर पलीकडचीचा हात होता. त्या मनगटावरच्या घड्याळात पाच वाजायला हवे होते.

चार वाजले होते.