राहनाळच्या शेडमधला बोल्ट

ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात मी भिवंडीला फौजदार होतो. एका छोट्या विमान कंपनीची दोनच विमाने होती. रस्ते नसलेल्या आतल्या मुलखात ती टपाल, औषधे नेत आणि तिथली आजारी माणसे घेऊन येत. सुटे भाग तपासायचे तिचे शेड राहनाळला होते. तिथून विमानाच्या पुढच्या पंख्याचा एक बोल्ट चोरीला गेल्याची फिर्याद मॅनेजरने दिली. त्या बोल्टावाचून एक विमान अडकून पडले होते.

दुसऱ्याच दिवशी चहाच्या हॉटेलवाल्याने खबर आणली, "साहेब, शेडचा मिस्त्री घरात तांदळाच्या डब्यात काहीतरी लपवून बसलाय."

पंचांसमक्ष झडती घेतली. बोल्ट सापडला. मिस्त्री पूर्णा गावचा, पन्नाशीतला, मवाळ माणूस. त्याला ठाण्यात आणले.

"कोणाला विकणार होतास?"

"इकायचा न्हवता, साहेब."

"मग घेतलास कशाला?"

तो गप्प. दुपारपर्यंत गप्पच. माझा संयम सुटला, मी हात उगारला. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "मारा, पन बोल्ट मॅनेजरला देऊ नका."

हे मला खटकले. पंचांना घेऊन मी कापडाचे लूम दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने बोल्ट रॉकेलमध्ये बुडवला, कोरडा पुसला, वर खडूची पूड लावली. थोड्या वेळाने पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटली.

"साब, इसमें दरार है. किसी भी दिन टूटेगा."

ठाण्यात परतून मी ती तड्याची रेघ मिस्त्रीला दाखवली. त्याचे डोळे भरले.

"मॅनेजरला दोनदा सांगितला. म्हनला, नवा परदेशातून येयाला सहा म्हैने लागतील, हाच बसव. बोल्टच न्हाय म्हनल्यावर नवा मागवावाच लागंल, म्हनून लपवला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी आख्खी कंपनीच बंद पारली आसती. तिकडं रस्ता न्हाय, साहेब. एखादी बाई अडली तर तिला दवाखान्यात कोन आनील?"

मी विमान खात्याला कळवले. तपासणी झाली. दुसरे विमान चालू राहिले, हे नवा बोल्ट येईपर्यंत थांबले. चोरीचा हेतू नव्हता, असा अहवाल मी कोर्टात दिला, तो मंजूर झाला. कंपनीने मात्र मिस्त्रीला परत घेतले नाही. तो लूमवर शिफ्ट करू लागला.

वर्षभराने एस.टी. स्टँडवर भेटला. नोकरीबद्दल चकार शब्द नाही. "इमान उडतंय ना, साहेब?" एवढेच विचारले. मी हो म्हणताच समाधानाने हसला.

आरोपी गप्प बसला की तो स्वतःला वाचवतोय, असे मी धरून चालायचो. त्यानंतर गप्प माणूस समोर आला की मी आधी मनाशी विचारायचो, हा कोणाला वाचवतोय?