होळीपर्यंत ठेवलेली राख

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी माझ्याकडे झावळी मागितली. तळोद्याला जाणारी जीप चर्चसमोर उभी होती. टपावर माझी पत्र्याची पेटी बांधून झाली होती आणि ड्रायव्हर भटूभाऊ घाई करत होता, "मास्तर, गाडी भराई गई, पोरले बसू द्या." बाबा मात्र हात पुढे करून उभेच. मला राग आला. मी सुरतला नर्सिंग शिकायला चालले होते आणि झावळी मागतात ती ऊसतोडीला जाणाऱ्यांकडे.

बाबा आमच्या डोंगरातल्या छोट्या चर्चचे प्रचारक होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. फादर खालच्या मिशनमधून महिन्यातून एखाद्या रविवारी येत. बाकीचे रविवार बाबांचे. घरी आम्ही भिली बोलायचो, पण देवाच्या गोष्टी आल्या की बाबा शाळेतली मराठी काढत. त्या दिवशीही तीच काढली. "देऊन जा. होळीला ये. तोवर तुझी राख डब्यात राहील."

गावच्या माणसांनो, तुमच्यापैकी जे वर डोंगरात वाढलात त्यांना हे सांगायला नको. पण तुमची मुलं आता बारडोलीच्या बाजूला जन्मतात, त्यांच्यासाठी लिहिते. ईस्टरच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी बाबा नाल्यातल्या शिंदीची पानं तोडून आणत. प्रार्थना झाली की ज्याची त्याची झावळी घरी जायची आणि क्रुसामागे खोचून ठेवलेली असायची. पुढच्या वर्षी त्याच वाळक्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावायची. हे सगळीकडे असंच आहे. आमची अडचण एवढीच की तो बुधवार होळीच्या आधी येतो आणि त्या वेळी आमचं गाव गावात नसतं. दिवाळी झाली, भात-मका कणगीत पडला, की मुकादमाचा ट्रक यायचा. भांडी, कोंबड्या, तान्ही पोरं घेऊन माणसं गुजरातेत उसाला जायची ती होळीलाच परतायची.

म्हणून ट्रकमध्ये चढण्याआधी प्रत्येक घर आपली झावळी बाबांच्या हातात द्यायचं. बुधवारी बाबा सगळ्यांच्या झावळ्या एकत्र जाळत, राख आईच्या जुन्या लुगड्यातून चाळत आणि दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून वेदीमागे ठेवत. होळी आमचीही आहे, येशू आला म्हणून ती कुठे गेली नाही. होळी खेळून, ढोल बडवून, अंगावर रंग तसाच असलेली माणसं रविवारी चर्चमध्ये रांगेत उभी राहत आणि "तू माती आहेस, मातीला मिळशील" असं म्हणत बाबा त्यांच्या कपाळाला उशिराची राख लावत. माणूस मातीचा आहे हे आमच्या गावाला बाकी जगापेक्षा उशिरा कळायचं. केरळातून आलेले एक नवे फादर बाबांना म्हणाले होते, "मास्तर, बुधवार म्हणजे बुधवार." बाबा म्हणाले, "फादर, उसाला बुधवार कळत नाही." फादर हसले आणि पुढच्या वर्षापासून विचारायचं सोडलं.

पहिली काही वर्षं मी होळीला येत राहिले. मग हॉस्पिटलची ड्यूटी, मग लग्न, मग मुलगा. नवरा साडीच्या मिलमध्ये, त्याला सुट्टी मिळायची तेव्हा मला नाही. सुरतच्या मोठ्या चर्चमध्ये राखेच्या बुधवारी रांगा लागतात. राख चांदीच्या वाटीत तयार येते, ती कोणाच्या झावळीची हे कोणी विचारत नाही. माझा मुलगा गुजरातीतून प्रार्थना म्हणतो आणि छान म्हणतो. मला त्यात एकही शब्द खटकत नाही, आणि कपाळावरची राख मी बसमध्ये बसायच्या आत पुसून टाकते.

माझ्यासारखेच तुम्हीही. कोणी ऊसतोडीच्या पडावावरून थेट वापीच्या कारखान्यात गेलं, कोणी उसाच्या मालकाकडेच बारमाही राहिलं. ज्या वर्षी जो गेला तो ट्रकमध्ये चढताना झावळी देऊन गेला, होळीला परत यायची तुमची सवय मात्र सुटली. आई फोनवर सांगायची, यंदा डबा तसाच राहिला. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. बाबा जुनी राख टाकत नसत, नवी तिच्यावरच भरत. येतील, म्हणायचे. मी फोनवर होय म्हणायचे. मला माहीत होतं की कोणी येणार नाही, मीसुद्धा.

बाबा नाताळच्या थोडं आधी गेले. उसाच्या ऐन हंगामात. मी पोचले तेव्हा चर्चच्या अंगणात आई, काही म्हाताऱ्या बाया आणि दोन वाकलेले म्हातारे, एवढंच गाव बसलं होतं. फादर आले होते. शवपेटी तळोद्याहून भटूभाऊच्या जीपमधून आली होती. ती उचलायची वेळ झाली तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो, कारण खांदा देण्याजोगा पुरुष फक्त माझा नवरा होता. ज्या माणसाने अख्ख्या गावाची कपाळं राखली त्याला उचलायला गाव नव्हतं. मग भटूभाऊने टोपी खिशात घातली. "मी धरस ना, ताई. मन्हा बी खांदा शे." फादर पुढे झाले. चौथा कोपरा मी आणि आईने मिळून धरला. वाटेत दोनदा पेटी खाली ठेवावी लागली.

यंदा होळीला मी रजा टाकून गेले. तळोद्याला जीपमध्ये बसले तेव्हा भटूभाऊने विचारलं, "तठे आते कोन शे, ताई?" मी म्हटलं, आई आहे, तिला न्यायला आलेय. होळीनंतरच्या रविवारी आम्ही दोघी चर्च झाडून, दार उघडं ठेवून बसलो. ऊन पायरीवरून आत आलं, तरी कोणी आलं नाही. खालच्या मिशनमधून सांगितलं होतं की आता इथे मिस्साची प्रार्थना होणार नाही, ज्याला यायचं त्याने खाली यावं.

आईने वेदीमागून डबा आणला. झाकण निघेना इतका तो गच्च भरला होता. मंतरलेली राख उकिरड्यावर टाकता येत नाही, मातीलाच द्यावी लागते. आम्ही ती बाबांच्या कबरीवर नेली, खुरप्याने माती उकरली आणि सगळी आत ओतली. तुमची सगळ्यांची, माझीही. आईने मला राख लावली नाही, मी तिला लावली नाही. ज्या हाताने ती लावायची तो खाली मातीत होता. तुम्ही विचाराल गाव कुठे आहे, तर तिथे आहे, त्या एका खड्ड्यात. दुसरं कुठलं गाव आता मला सांगता येणार नाही.

आई आता सुरतला माझ्याकडे आहे. इथल्या झावळ्यांच्या रविवारी आम्हीही झावळ्या आणल्या आणि क्रुसामागे खोचल्या. दिवाळी होऊन गेली तेव्हा आईने सवयीने आपली झावळी काढली, पदराने पुसली आणि हातात धरून दारात उभी राहिली. कोणाच्या हातात द्यायची म्हणून ती माझ्याकडे बघत होती.