गोळी दादांची, झोप तात्यांची

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि दर महिन्याला हसते. कुणाला घाटात पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, कुणाच्या मोटारसायकलवर मागे कोणीतरी बसतं, कुणाचे मेलेले आजोबा स्वप्नात येऊन जमिनीचे कागद कुठे आहेत ते सांगतात. (जिवंतपणी सांगायला काय झालं होतं?) सरकारी नोकरीत मी नर्स म्हणून आयुष्य काढलं. माणसं मरताना पाहिली, परत कोणी आलेलं पाहिलं नाही. त्यामुळे भूत, करणी, भानामती असलं काही मी मानत नाही. मानत नव्हते, असं लिहिणार नाही. आजही मानत नाही... तरीही हे लिहितेय, कारण माझ्या घरात जे घडलं त्याचा मला अजून रागच येतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, शेवटाशेवटाकडची. मी सांगलीत एका दवाखान्यात नोकरीला होते. वडील, म्हणजे आमचे दादा, हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि दादांची झोप तेव्हापासून गेली ती गेलीच. रात्रभर खोलीत येरझाऱ्या, सकाळी डोळे लाल, पेठेत सौद्यात चुका. शेवटी मी त्यांना आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शहाणे होते. आधी संध्याकाळचा चहा बंद करा, दुपारची डुलकी बंद करा, फिरायला जा, असं सगळं महिनाभर करायला लावलं. कशाचाच उपयोग होईना तेव्हा झोपेची गोळी लिहून दिली. रोज रात्री नऊला एक, तीही अंथरूण घातल्यावर. गोळी घेऊन बाहेर पडायचं नाही, दारूबरोबर घ्यायची नाही, मनाने वाढवायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही आणि काही आठवड्यांनी परत येऊन दाखवायचं.

आता आपल्याकडे डॉक्टरांनी एवढं सांगितलं म्हणजे लोकांनी नेमकं काय करायचं असतं, ते तुम्हाला माहीतच आहे. दादांना झोपेची गोळी सुरू झालीय हे आळीत कळायचा अवकाश, शेजारच्या वहिनी वाटी घेऊन यावं तशा आल्या. नणंदेला झोप येत नाही, एक द्या. आमच्याकडे औषध हा प्रसादच. एकट्याने खाल्लं तर पाप लागतं! मी त्यांना विचारलं, "आणि नणंद उठलीच नाही तर तिच्या पोरांना कोण सांभाळणार, तुम्ही?" त्या पुन्हा आल्या नाहीत. मिलिटरीतून सुट्टीवर आलेला आतेभाऊ रमची बाटली घेऊन हजर. "मामा, गोळीवर दोन घोट मारा, बघा कशी लागू पडती." मी आधी बाटली दाराबाहेर ठेवली, मग आतेभावाला. गोळ्यांची बाटली माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. रोज रात्री मी स्वतः गोळी द्यायची.

पण गोळीचा दादांवर काडीचा परिणाम होईना.

मला वाटलं, गालात धरून नंतर थुंकत असतील. वॉर्डात असे कितीतरी नग पाहिले होते. मी त्यांना आ करायला लावायची, जीभ उचलायला लावायची. दादा भयंकर चिडायचे. "ढोराचं दात बघितल्यागत काय बघतीस?" गोळी पोटात गेलेली असायची आणि दादा टक्क जागे. दुसरी मागायचे. मी म्हणायची, "गोळी म्हणजे खडीसाखर नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धीसुद्धा मिळणार नाही." डॉक्टरांनीही वाढवून दिली नाही. थोडे दिवस थांबू, म्हणाले.

अशात एक दिवस काकी दवाखान्यात आली. काकी म्हणजे दादांचा धाकटा भाऊ तात्या, त्यांची बायको. तात्या कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी शेती करायचे आणि हंगामात गुऱ्हाळावर गुळव्या असायचे. काहिलीत उकळणारा रस पाहून गूळ कधी झाला आणि काहील चुलवाणावरून कधी उतरवायची, हे ठरवणारा तो गुळव्या. क्षणभर चुकला तर ऊसवाल्याचं सगळं नुकसान. त्यामुळे तात्यांना पंचक्रोशीत मान. दादा आणि तात्यांचं मात्र विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं होतं आणि कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. आईच्या तेराव्याला दोघे एका पंगतीत बसले आणि एकमेकांना मीठ मागायलाही तिसरा माणूस लागला. असा हा शहाण्यांचा वंश.

काकी वॉर्डाच्या दारातच रडायला लागली. "शालन, त्यास्नी कायतरी झालंय गं. रातच्याला काहिलीपाशी हुभं हुभं झोपत्यात. कालच्याला फावडं हातातनं पडलं. जाळ घालणाऱ्या जाळव्यानं धरलं म्हून, न्हाईतर काहिलीतच गेलं असतं."

"दारू?" मी विचारलं.

"गुऱ्हाळावर? चपला बी घालत न्हाईत त्ये काहिलीपाशी."

मग ती हळूच म्हणाली की गावात लोक बोलतायत, थोरल्या भावानं करणी केलीय म्हणून. मी तिला तिथेच झापलं. कोंबडं-लिंबू करणारा कोणी भामटा गाठला असेल तर त्याच्याऐवजी नवऱ्याला घेऊन ये, म्हटलं. तर नवरा काहील सोडून यायला तयार नव्हता. शेवटी माझ्या सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरने मीच गेले. तात्यांना नीट तपासलं. नाडी ठीक, डोळे ठीक, तोंडाला वास नाही, लघवीत साखर नाही. दिवसभर माणूस तरतरीत. मला काकवी प्यायला घातली, दादांविषयी अवाक्षर विचारलं नाही. कोणी काही गोळीबिळी दिली का, असं मी काकीला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, त्यांनी जन्मात डोकेदुखीची गोळी घेतलेली नाही. मी जागरणाचा परिणाम म्हणून सोडून दिलं आणि परत आले.

पुढच्या रविवारी काकी थेट सांगलीच्या घरी. या खेपेला भांडायलाच आली होती. दादांसमोर पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, आवं, काय राग आसंल त्यो माज्यावर काडा. त्यांचं असं करू नगासा."

दादांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "ईच्यार तिला, मी करणी करायला अडत्याकडनं रजा घेतली व्हती का म्हणावं?"

मी वैतागले. कपाटातून बाटली काढली आणि काकीच्या नाकासमोर धरली. "हे बघ. दादांना स्वतःलाच झोप नाही. रोज रात्री नऊला ही झोपेची गोळी घेतात, तरी डोळा लागत नाही. ते कसली करणी करतात?"

काकी बाटलीकडे पाहत राहिली. "नवाला?"

"हो."

"ह्ये बी नवाच्या पुढंच पडत्यात." तिने बोटांवर दिवस मोजले. "मागल्या आठवड्यात दोन-चार रोज मातर बरं हुतं बघ. पाटंपातूर जागं."

त्याच दोन-चार रात्री दादांना खोकला झाला होता. खोकल्याच्या औषधातही गुंगी असते, दोन्ही एकत्र नकोत, म्हणून मी गोळी बंद ठेवली होती. मी हे बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

दादा एकदम मोठ्याने हसले. आई गेल्यावर पहिल्यांदाच. "म्हंजे गोळी मी गिळायची आन झोप त्याला? मग उद्या जेवीन मी, ढेकर त्यानं द्यावी! एवढी शिकलेली पोरगी, हिला बी पटतंय बघा!"

"मला काही पटलेलं नाही," मी म्हटलं.

"मग बघूच की." त्यांनी माझ्या हातातली बाटली ओढून घेतली. दुपारची वेळ, चहा समोर. मी ओरडले, दिवसा घ्यायची नाही, डॉक्टरांनी बजावलंय! त्यांनी एक गोळी तोंडात टाकली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळली. "हितं बसतो म्हणावं. झोप आली तर तिचं खरं."

मी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले, घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. झोप आली नाही. संध्याकाळपर्यंत ते वर्तमानपत्र वाचत बसले आणि मधूनमधून काकीकडे पाहून हसत होते. काकी संध्याकाळच्या गाडीने गेली. तिला मूर्ख म्हणायला त्या दिवशी घरात दोन माणसं होती, त्यातली एक मी.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरने दवाखान्यात निरोप आणून दिला. तात्या भाजलेत.

मी रजा टाकून गेले. तात्या तालुक्याच्या दवाखान्यात पडले होते, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत बांधलेला. रविवारी दुपारी काहिलीतलं रसाचं आधण उतरवायची वेळ झाली होती, तात्यांनी काहिलीवर वाकून रस पाहिला आणि मान खाली गेली ती वर आलीच नाही. जाळव्याने कमरेला धरून मागे ओढलं, पण हात तेवढ्यात उकळत्या रसाला लागला. दिवसाढवळ्या असं याआधी एकदाही झालं नव्हतं. तात्या मला म्हणाले, "डोळ्यापुढं कुणीतरी घोंगडं टाकल्यागत झालं बघ. मला जागं ऱ्हायचं हुतं गं शालन. लय जोर केला." हे सांगून त्या एवढ्या आडदांड माणसाने तोंड भिंतीकडे वळवलं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला.

बरं, हात भाजला म्हणून हा माणूस घरी बसेल? छे! चार दिवसांनी बांधलेल्या हातानिशी पुन्हा काहिलीपाशी. लोकांचा ऊस तोडून पडलाय, म्हणाले.

सांगलीत येऊन मी दादांना सगळं सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. "योगायोग," एवढंच म्हणाले. मीही तेच म्हटलं. पण त्या रात्री गोळी घेऊन गेले तर म्हणाले, "नगं."

रोज घेतलेली गोळी एकदम सोडायची नसते. म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी काही दिवस अर्धी करून मग थांबवायला सांगितलं. दादा अर्धीसुद्धा घ्यायला तयार होईनात, मी अक्षरशः जबरदस्तीने दिली. त्या दिवसांत काकीने तात्यांच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक गुऱ्हाळाच्या खांबाला बांधलं होतं म्हणे. गावाने टिंगल केली. तिला ही अक्कल कुठून सुचली, तर मीच तिला पोस्टकार्ड टाकलं होतं: रात्री जपून, अजून अर्धी चालू आहे. हो, मी टाकलं होतं. काय हसायचं ते हसून घ्या.

शेवटची अर्धी गोळी झाली त्याच्या दुसऱ्या रात्रीपासून तात्या हंगाम संपेपर्यंत एकदाही पेंगले नाहीत.

आणि दादा जागे. पूर्ण हंगाम. मी म्हणायची, डॉक्टरांकडे जाऊ, दुसरा काही उपाय बघू. ते म्हणायचे, "चैत पाडव्यानंतर बघू." गुऱ्हाळं पाडव्यापर्यंतच चालतात, पण कारण म्हणून ते काही सांगायचे नाहीत. योगायोग मानणाऱ्या माणसाने पाडव्यापर्यंत का थांबावं, हे मीही विचारलं नाही. रात्री खोलीतून येरझाऱ्यांचा आवाज यायचा आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या दोन्ही भावांना शिव्या घालायची.

पाडवा होऊन गेल्यावर गावाकडचा एक माणूस गुळाची छोटी ढेप घेऊन दारात आला. तात्यांनी पाठवली, म्हणाला. इतक्या वर्षांत त्या घरून या घरी गुळाचा खडा आला नव्हता. दादा ओसरीवरच होते.

"काय निरोप?" मी विचारलं.

"चुलवाण इझलं म्हणावं," तो माणूस म्हणाला. "आन थोरल्याला सांग म्हणालं, आता नीज."

तात्यांना गोळ्यांचं काही ठाऊक नव्हतं. काकीने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तात्या कोयता घेऊन सांगलीला आले असते, असं ती मला नंतर शपथेवर म्हणाली. माझं पोस्टकार्ड तिने दुसऱ्याकडून वाचून घेऊन चुलीत घातलं होतं.

 दादा त्या माणसाला सरळ म्हणाले, "त्याचा हात कसा हाय?" आणि उत्तर ऐकून झाल्यावर उठून आत गेले, आडवे झाले आणि झोपले. गोळीशिवाय. दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत जायला मी त्यांना हलवून उठवलं.

यात मला अमानवी काही दिसत नाही आणि मानवी स्पष्टीकरण सापडलेलं नाही. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच जरा विश्रांती घ्या." तात्यांना हे सगळं मी पुढे कधी विचारायला गेले की ते विषय बदलून उसाच्या जातीवर घसरायचे. दोघेही भाऊ आता नाहीत. ज्या वाचकांना याचा उलगडा झाल्यासारखा वाटतो, त्यांनी तो कृपया स्वतःजवळ ठेवावा. मला पत्र पाठवू नये.