मालुबाईचं फ्रेश लोणी

काकतीच्या मालुबाईला इंग्रजीतला एकच शब्द यायचा, पण तो ती अशा ठसक्यात टाकायची, की बाई चार बुकं शिकलीय असं वाटावं. शब्द होता ‘फ्रेश’. बुट्टीत लोण्याचं गाडगं ठेवून ती बेळगावच्या कॅम्पातल्या बंगल्यांवर जायची. ताज्याला फ्रेश म्हणतात, हे तिला एका बंगल्यावरच्या परशराम आचाऱ्यानं शिकवलं होतं. तेव्हापासून लोणी फ्रेश, कोथिंबीर फ्रेश आणि सुनेला झालेलं बाळसुद्धा फ्रेश.

छत्तीस साली परशरामाच्या बंगल्यात अमेरिकेहून नवी मड्डम आली. तिनं विचारलं, “फ्रेश?”

“येस, फ्रेश!”

दुसऱ्या दिवशी मड्डमनं गाडगं पुढं आदळलं. “नॉट फ्रेश!”

मालुबाई भडकली. “काल पहाटं घुसळलंय! इचारा जावा म्हशीला!”

परशराम हसू दाबत म्हणाला, “आक्का, मीठ घातलंतं न्हवं? लोण्याला फ्रेश म्हंजे बिनमिठाचं.”

“मग ताजं?”

“त्ये बी फ्रेशच.”

“एका शब्दाला दोन दादलं व्हय रं?”

मग तिनं मीठ घालायचं सोडलं. महिनाभर सुरळीत चाललं. एक दिवस मड्डमनं हातानं खूण केली, गोळा लहान दिसतोय. मालुबाईनं गोळ्याकडं पाहिलं, मड्डमच्या कमरेकडं पाहिलं आणि दोन्ही हात ऐसपैस पसरले. लोणी तेवढंच आहे, घेणारी वाढलीय!

ते समजायला दुभाषी लागला नाही. मड्डम लाल होऊन ओरडली. त्यात मालुबाईला तेवढं ‘फ्रेश’ ऐकू आलं. तिनं मनाशी हिशेब मांडला आणि परशरामावर डोळे वटारले. “मला अळणी म्हणती व्हय ही?”

“न्हाय आक्का. माणसाला फ्रेश म्हंजे आगाऊ.”

मालुबाईनं पदर खोचला. म्हणाली, “सांग तिला. ताजी म्या न्हाय, सा नातवंडं झाल्याती. अळणी तर न्हायच न्हाय. तिसरं तेवढं खरं हाय.”

परशरामानं घाबरत घाबरत शब्दाला शब्द सांगितला. मड्डम बघतच राहिली आणि एकदम हसत सुटली, इतकी की पायरीवरच बसली. त्या दिवसापासून लोणी तोलून झालं की ती मालुबाईला व्हरांड्यात बसवून घ्यायची आणि मराठी शब्द विचारायची.

वर्षभरात ती बरंच शिकली. एका मेजवानीत कुणी जाडा साहेब तिची चेष्टा करायला लागला, तेव्हा तिनं गोड हसून त्याला काकतीच्या हेलात सुनावलं, “लई आगाऊ हाईसा बघा तुमी!”

साहेबानं ‘थँक्यू’ म्हणून मान झुकवली. सूप वाढणाऱ्या परशरामाला मात्र भांडं टेबलावर टेकवून आत पळावं लागलं.