तबकातला स्कॅनर

भाऊबीजेला भाऊ बहिणीला काय घालतो? साडी, पाकीट, फार तर मिक्सर. माझ्या भावाने गेल्या वर्षी तबकात स्कॅनर घातला! सोबत बोलणारी डबी. कुणी पैसे पाठवले की ती मोठ्याने सांगणार, इतके रुपये मिळाले. "ताई, रोखीचा जमाना गेला. आता बघ तुझा धंदा कसा पळतो ते," म्हणाला. माझे डोळे भरून आले. कसली भोळसट मी!

डभोईचं सासर सोडून नागरवाड्यात आईकडे परत आले, तेव्हापासून मी ओट्यावर पुरणपोळ्या नि चकल्या विकते. भाऊ-वहिनी बाजव्याला राहतात. माझा फोन बटणांचा, म्हणून सगळं त्यानेच जोडून दिलं. गिऱ्हाईक स्कॅन करायचं आणि गुजरातीत विचारायचं, "बेन, आ कोनुं नाम आवे छे?" फोनवर भावाचं नाव यायचं. "मारो नानो भाई छे," मी तोऱ्यात सांगायचे. तोच म्हणाला होता ना, नाव माझं दिसेल, खातं तुझंच. डबी बोलली की मला वाटायचं, पडले माझ्या खात्यात. बँकेचं कार्डही त्याच्याकडे. घरखर्चाला लागेल तेवढं तो आणून द्यायचा, तुझ्याच खात्यातून काढलं म्हणून. सख्ख्या भावाची कोण उलटतपासणी घेतं?

मला कोपऱ्यावरचा गाळा हवा होता. मागे एक खोली होती, तिथेच राहता आलं असतं. या वयात आईकडे आश्रितासारखं किती दिवस राहायचं? मालक भला माणूस, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला. डिपॉझिटचे पैसे काढायला मी एकटीच बँकेत गेले.

काउंटरवरच्या मुलीने पुन्हा पुन्हा बघितलं. "मासी, यात तर काहीच आलेलं नाही. स्कॅनर ज्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यात जातात."

मी त्या बिचारीवरच खेकसले. मशीन बिघडलंय तुमचं, म्हटलं. बाहेर पायरीवर बसले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मेल्याने केसाने गळा कापला माझा! त्याच्या नव्या गाडीचे पेढे मी चवीने खाल्ले होते, वर नारळ ओवाळून टाकला होता. कुणाजवळ काही बोलले नाही. पाडव्याला गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याने पूजा केली. मी ओट्यावरून बघत होते.

भाऊबीजेला तो पाटावर बसला. शेजारी आई, समोर वहिनी फोटो काढायला. मी तबकात निरांजन ठेवलं, सुपारी ठेवली आणि मधोमध स्कॅनर उभा केला. तो खिशातून पाकीट काढायला लागला.

"पाकीट कशाला रे? रोखीचा जमाना गेला ना? स्कॅन कर."

"काहीतरीच तुझं, ताई," तो हसला, पण फोन काही बाहेर काढेना.

"अहो, त्यांची हौस आहे तर करा की! आणा इकडे," म्हणत वहिनीने त्याच्या खिशातला फोन घेतला आणि स्कॅन केलं. डबी काही बोलली नाही. वहिनी पडद्याकडे बघत राहिली. "हे काय? स्वतःच्याच खात्यात पैसे पाठवता येत नाहीत, असं म्हणतंय."

"ताई, देणारच होतो गं. गाडीचे हप्ते..." तो चाचरत होता. माझं लक्ष आईकडे होतं. तिने दचकायला हवं होतं. दोन शब्द तरी त्याला सुनवायला हवे होते. ती आपली निरांजनाला हाताचा आडोसा करत होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"मीच म्हटलं त्याला, राहू दे तुझ्याकडे," ती खाली मान घालून म्हणाली. "गाळा घेतलास की तू तिकडेच राहणार. मग माझं कोण करणार?"

त्याचं एवढं लागलं नव्हतं. तिचं लागलं. ती आजारी पडली की रात्ररात्र जागले मी, तिला न्हायला घातलं, ते काय गाळा मिळेपर्यंत म्हणून? पोटच्या पोरीची एवढीच पारख?

तरी मी ओवाळलं. निरांजन लावल्यावर न ओवाळता उठू नये, हे तिनेच शिकवलंय. इडा पिडा टळो, तेही म्हटलं. मग तबक खाली ठेवलं, डबी उचलली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"घे," म्हटलं, "आता हीच करेल तुझं."