शंभर गुण आणि एक निरोप

नोकरीत मी बरेच गुन्हे उघडकीस आणले. पण ज्या प्रकरणात शेवटपर्यंत गुन्हाच दाखल झाला नाही, तेच मला सगळ्यात जास्त आठवतं.

ऐंशी सालच्या आसपास मी मुळशी तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका बुधवारी सकाळी आठला, हजेरी चालू असताना, रिहे खोऱ्यातला एक शेतकरी दारात येऊन उभा राहिला.

"सायेब, पोरगी कालपासनं घरी न्हाई."

"वय?"

"एकोणीस. धाव्वी पास हाय."

"कुणावर संशय?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "गाव म्हणतंय पळून गेली. पण तिला पुण्यात सरकारी नोकरी लागलीया. आन् आता पळंल कशाला?"

नाव ऐकलं आणि मी चमकलो. त्या मुलीच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. निवड झालेल्या उमेदवारावर काही गुन्हा आहे का, एवढंच आम्ही त्यात कळवायचं असतं. मी शिपायाला सांगितलं होतं, "तिला कागद घेऊन ठाण्यात बोलाव." तो सोमवारी गेला. मुलगी घरात नव्हती, म्हणून तिच्या आईपाशी तेवढाच निरोप ठेवून परत आला.

मिसिंगची नोंद करून मी हवालदाराला पौडच्या एसटी स्टँडवर पाठवलं. अर्ध्या तासात खबर मिळाली. चहावाला म्हणाला होता, "काल सकाळी ती टायपिंगवाल्यापाशी रडत हुती. त्यालाच इचारा की." गावालाही ही कुणकुण लागली होती आणि मुलीचे चुलतभाऊ त्याला शोधत फिरत होते. आम्ही आधी पोचलो, म्हणून तो बचावला.

टायपिंगवाला पंचवीसेक वर्षांचा होता, स्टँडवर यंत्र मांडून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. यंत्राच्या पेटीसकट ठाण्यात आणला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"टायपिंगला एवढा घाम येतो होय रे?" हवालदार म्हणाला.

"मी काही केलं नाही. माझा तिचा काही संबंध नाही."

"मग रडत कशाला होती?"

तासभर तो तेच म्हणत राहिला. एक गोष्ट मी तेव्हा ताडली. पोरीच्या भानगडीचा आळ आलेला माणूस चिडतो, शिव्या देतो, आईची शपथ घेतो. हा चिडत नव्हता. सारखा आपल्या यंत्राच्या पेटीकडे बघत होता. मी पेटी उघडायला लावली.

त्या काळी आमच्याकडे झेरॉक्स पोचलं नव्हतं. गुणपत्रिकेची नक्कल टाइप करायची, साहेबाचा सही-शिक्का घ्यायचा (तो मूळ कागद सहसा बघत नसे) आणि अर्जाला जोडायची. मूळ कागद रुजू होताना दाखवायचा. पेटीत वापरलेले कार्बन होते. एकेक खिडकीपाशी धरून बघितला. एकावर त्या मुलीचं नाव होतं, बेरीज सातशेपैकी दोनशे सत्त्याण्णव. पुढच्यावर नाव तेच, बेरीज तीनशे सत्त्याण्णव. मी विषयवार गुण ताडून पाहिले. पाच विषयांत वीस-वीस वाढवले होते.

कार्बन समोर ठेवताच तो खुर्चीवरून उठून जमिनीवर बसला.

"तिनंच सांगितलं, साहेब. पहिली नक्कल बघून म्हणाली, एवढ्यावर कोण घेतंय. काल आली ती रडतच. म्हणाली, पोलीस घरी येऊन गेले, आता किती वर्षं पडतील? मीही घाबरलो होतो. म्हटलं, सात वर्षं. आणि माझं नाव घेतलंस तर याद राख."

"मग?"

"म्हणाली, बाला तोंड दावायचं न्हाई आता. आणि धरणाकडच्या गाडीत बसली."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मला दोन मुली आहेत.

जीप काढली. बाप मागे बसला होता. त्याला मी काहीच सांगितलं नाही. ती कुठे उतरली ते कालच्या गाडीच्या कंडक्टरकडून कळलं होतं. त्या फाट्यावर उतरून आम्ही पाण्याच्या कडेने चालत निघालो. अर्ध्या मैलावर चिखलात एक चप्पल दिसली. बापाने ती उचलली, उलटी करून पाहिली आणि तिथेच बसला. "तिचीच हाय." पंधरा वर्षांच्या नोकरीत प्रेतं मी पुष्कळ पाहिली होती. त्या दिवशी पाण्याकडे बघायचं धाडस मला होईना.

तेवढ्यात वरून हाक आली. चढावर तीन-चार झोपड्यांची वाडी होती. एक मोळीवाली बाई हात करत होती. मुलगी तिच्या ओट्यावर होती, एका पायात चप्पल.

"कंबरंएवढ्या पाण्यात हुती काल," बाई म्हणाली. "वडून आणली. बोलत न्हाई, खात न्हाई, नुसती पाण्याकडं बघतीया. म्या रातभर हात सोडला न्हाई तिचा."

मला बघताच मुलीने दोन्ही मनगटं पुढे केली. "सायेब, बेडी घाला. पण गावातनं नेऊ नका."

आमच्या कागदात गुणांचा रकानाच नाही, हे मी तिला तिथे सांगितलं. तिला ते समजायला बराच वेळ लागला. बाप मधेच म्हणाला, "खरं किती हुतं गं?"

"दोनशे सत्त्याण्णव."

"पास व्हतीस न्हवं?"

"व्हय."

"मग मराया काय झालं हुतं?"

जे कळलं ते दडवणं माझ्या स्वभावात नव्हतं. खरे गुण तिने स्वतःच्या हाताने लिहून दिले, ते अहवालासोबत वर गेले. निवड रद्द झाली. नोकरी हाती पडलीच नव्हती, म्हणून मुलीला आणि टायपिंगवाल्याला सक्त ताकीद देऊन सोडावं, असा आदेश आला.

वाढवलेले गुण कधी ना कधी मूळ कागदासमोर येतातच, हे मी आजही नोकरी शोधणाऱ्या मुलांना सांगतो. त्यांना ते पटतं. मला स्वतःला शिकायला लागलं ते वेगळं होतं. तिला सात वर्षांची शिक्षा टायपिंगवाल्याने सुनावली, पण तिच्या दारात भीती आधी नेऊन ठेवली ती माझ्या पाच शब्दांच्या निरोपाने. त्यानंतर निवृत्तीपर्यंत पडताळणीला मी स्वतः जायचो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सांगायचो की मी कशासाठी आलो आहे.